दाराच्या पोटातलं पाणी

मोटारीची काच ज्या फटीतून वर-खाली सरकते, त्याच फटीतून पावसाचं पाणी दारात शिरतं. तिथली रबरी पट्टी बरंचसं पाणी अडवते, सगळं नाही. गाडी बनवणाऱ्यांनी हे मुळातच धरलेलं असतं. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या तळाशी यावं आणि खालच्या कडेच्या दोन-तीन भोकांतून रस्त्यावर गळून जावं, अशी ती रचना आहे. धूळ, पालापाचोळा आणि चिखल यांनी ही भोकं बुजली की दारात डबकं साचतं. बाहेरून गाडी चकचकीत दिसते, पण आत पत्रा भिजत असतो.

म्हणूनच रंगाखाली पहिला फुगवटा दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो रंगाला आतून ढकलतो. गॅरेजमधला पेंटर नखाने पापुद्रा काढून सांगतो, ‘पत्रा आतून गेलाय.’ अशा जागी घासून, लांबी भरून रंग मारला तर एखादा पावसाळा निघतो. पण आतली बाजू कोणी पाहिलेलीच नसल्याने फुगवटा पुन्हा तिथेच येतो.

कोकणात हे फार लवकर घडतं. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात पावसाचे चार महिने पत्रा धड वाळत नाही आणि उरलेले आठ महिने हवेत खार असतो. मीठ दोन बाजूंनी घात करतं: हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि पाण्यातून वीज सहज वाहू देतं. गंजणं ही विजेचीच क्रिया आहे. पत्र्याचा एक भाग इलेक्ट्रॉन सोडतो आणि झिजतो, तर शेजारच्या भागावर प्राणवायू ते इलेक्ट्रॉन घेतो. ओल्या चिखलाखाली प्राणवायू कमी पोचतो, आणि नेमका तोच झाकलेला भाग झिजणारा ठरतो. मडगार्डच्या आतल्या काठावर चिकटलेला मूठभर चिखल म्हणून धोक्याचा. पुळणीवर गाडी घालण्याची हौस तर त्याहून महाग पडते. तिथून परतल्यावर त्याच दिवशी गाडी खालूनही गोड्या पाण्याने धुवायला हवी.

कारखान्यांनी या प्रश्नाशी मोठी झुंज दिली आहे. रंगापूर्वी गाडीचा सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या जोरावर जेमतेम वीसेक मायक्रॉनचा थर कानाकोपऱ्यांत बसवतात. सांगाड्यातल्या कित्येक भोकांचं एक काम हेच, की हा रंग आत जावा आणि बाहेर निथळावा. दुसरा उपाय जस्ताचा. ओरखडा पडला तरी लोखंडाआधी जस्त झिजतं. पोर्शेने १९७५ च्या सुमारास ९११ साठी दोन्ही बाजूंनी जस्त चढवलेला पत्रा वापरायला सुरुवात केली, आणि १९८५ मध्ये आउडीने १०० या मॉडेलचा संपूर्ण सांगाडा जस्ताच्या थराचा केला. ज्यांनी हयगय केली, त्यांना ती भोवली. ब्रिटनमध्ये १९८० साली लान्सिया बीटा गाड्यांची इंजिन पेलणारी चौकट आतून गंजत असल्याचं प्रकरण इतकं गाजलं, की कंपनीला ग्राहकांकडून गाड्या परत घ्याव्या लागल्या.

एवढं असूनही जिथे एका पत्र्याची कड दुसऱ्यावर दुमडलेली असते, तिथे रंग नीट पोचत नाही आणि पाणी मात्र केशाकर्षणाने बरोबर शिरतं. पोकळ भागांत फवारायचं मेण कामाला येतं ते इथे. ते सुरुवातीला पातळ असतं, फटींत झिरपतं आणि नंतरही मऊ राहतं, म्हणून तडकत नाही. लांब लवचिक नळीने ते दारांत, उंबऱ्याच्या पोकळीत, डिकीच्या झाकणात मारतात. पण ओल्या पोकळीत मारलं तर ओल आतच कोंडते. एप्रिलच्या उन्हात दोन-तीन दिवस वाळलेली गाडी त्यासाठी उत्तम. फवारताना काचेचे खाचे आणि सीटबेल्टची गुंडाळी वाचवावी, काम मोकळ्या हवेत करावं, जवळ विडी-सिगारेट नसावी. जळकं इंजिन ऑइल ओतण्याचा जुना प्रकार मात्र सोडून द्यावा. त्याने रबर फुगतं आणि ते ऑइल गळून जमिनीत मुरतं. गाडीखाली मारलेलं जाड काळं कोटिंगही जुनं झालं की तडकतं आणि त्यामागे पाणी धरून बसतं. त्याच्या भरवशावर आतल्या पोकळ्या विसरल्या जातात, हे त्याहून वाईट.

तरीही पहिला मान भोकांचाच. ती साफ करायला लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर नको, कारण तो उरलासुरला रंग खरवडतो. जाड नायलॉनची दोरी किंवा प्लास्टिकची केबल टाय पुरते. वायपरखालच्या जाळीतली आंब्या-फणसाची पानंही त्याच वेळी काढावीत. मेण मारल्यावर भोकं पुन्हा तपासावीत, कारण तेच मेण ती बुजवू शकतं. मग बंद काचेच्या तळाशी हळूहळू तांब्याभर पाणी ओतावं आणि वाकून दाराखाली पाहावं. काही क्षणांत धार लागली तर वाट मोकळी आहे. नुसता एखादा थेंब टपकत असेल, तर पाणी अजून आतच आहे.