समजून घ्या : सोसायटीचा संगणक बँकेला कसा जोडायचा? सगळेच ‘लाइव्ह’ का नको?

तलवाडा (ता. गेवराई) सारख्या गावात शेतकऱ्याने मुदतीत पीककर्ज फेडले, सोसायटीची पावतीही घेतली, पण जिल्हा बँकेच्या संगणकात ते थकीतच दिसले तर? ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जावरील डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मुदतीत परतफेडीवरच मिळते. त्यामुळे दोन संगणकांतील जोडणी थेट शेतकऱ्याच्या खिशाशी संबंधित आहे.

प्रकल्प काय?

केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३,००० प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च २,५१६ कोटी रुपये. सोसायट्यांसाठी एकच ‘ईआरपी’ सॉफ्टवेअर आणि ते जिल्हा व राज्य सहकारी बँकांमार्फत नाबार्डशी जोडणे, अशी ही योजना आहे.

जोडणीचे प्रकार कोणते?

▪ एपीआय : एका संगणकाने विचारायचे, दुसऱ्याने लगेच उत्तर द्यायचे. यूपीआयने पैसे पाठवताना हेच होते. मात्र दोन्ही बाजू त्याच क्षणी सुरू हव्यात. वीज किंवा नेट गेले की काम अडते.

▪ फाइल : दिवसभराच्या नोंदी एकत्र करून ठरलेल्या वेळी पाठवायच्या. आधार क्रमांकावर जमा होणारे अनुदान असेच गठ्ठ्याने जाते. पद्धत स्वस्त आहे, पण माहिती काही तास जुनी राहते.

▪ मेसेज क्यू : नोंद रांगेत थांबते आणि नेट आले की पुढे जाते. काम अडत नाही. पण रांगेवर लक्ष ठेवावे लागते.

▪ थेट डेटाबेस : एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याच्या तक्त्यांत परस्पर लिहायचे. सुरुवातीला सोपे वाटते, पण एका बाजूने तक्ता बदलला की दुसरी बंद पडते. शिवाय मूळ सॉफ्टवेअरची तपासणीही टळते. आर्थिक नोंदींसाठी हा मार्ग टाळावा.

निवड कशी करावी?

उत्तर किती जुने चालेल, हा पहिला प्रश्न. नवे कर्ज देताना जुनी बाकी त्याच क्षणी कळायला हवी, तिथे एपीआय. वसुलीची नोंद तासाभराने पोहोचली तरी चालते, पण हरवता कामा नये, तिथे रांग. महिन्याच्या अहवालाला फाइल पुरेशी.

दोन अटी कायम

पहिली, प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक हवा. नेट तुटल्यावर नोंद पुन्हा पाठवली, तरी रक्कम दोनदा जमा होणार नाही. दुसरी, नोंदीसोबत पैसे भरल्याची तारीख जायला हवी. फाइल पोहोचल्याची नव्हे. ३१ मार्चचा भरणा २ एप्रिलला पोहोचला आणि तीच तारीख लागली, तर मुदतीत फेडणाराही थकबाकीदार ठरेल.

शेतकऱ्याने काय पाहावे?

पावतीवर तारीख आणि व्यवहार क्रमांक आहे का, ते पाहा. काही दिवसांनी बँकेतील खातेउतारा पावतीशी ताडून पाहा. फरक दिसल्यास गटसचिवांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.