‘किंमत किती?’ला रोज तेच उत्तर टाईप करताय? मग कीबोर्ड मॅक्रो समजून घ्या

घरून साड्या, दागिने किंवा फराळाचे पदार्थ विकणाऱ्या एखाद्या इन्स्टाग्राम पेजचा इनबॉक्स पाहिला, तर दिवसभर तेच तीन प्रश्न दिसतात. किंमत किती? कुरिअरचे वेगळे पैसे का? किती दिवसांत मिळेल? उत्तरंही तीच, आणि पेज चालवणारी व्यक्ती ती पुन्हा पुन्हा टाईप करत असते.

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांसाठी यावर एक जुना उपाय आहे, कीबोर्ड मॅक्रो. तो बनवायला पाच मिनिटं लागतात. पण नीट एडिट न करता वापरला, तर एका ग्राहकाचा पत्ता दुसऱ्याच ग्राहकाला जाऊ शकतो.

मॅक्रो म्हणजे नेमकं काय?

अनेक बटणं ठरावीक क्रमाने दाबण्याचं काम एकाच बटणावर किंवा एका छोट्या संकेतावर सोपवणं म्हणजे कीबोर्ड मॅक्रो.

ही कल्पना नवी नाही. १९७६ मध्ये एमआयटीत तयार झालेला ‘ईमॅक्स’ हा प्रसिद्ध टेक्स्ट एडिटर सुरुवातीला मॅक्रोंचा एक संचच होता. त्याच्या नावातही ‘मॅक्रो’ दडलेला आहे.

एक्सेल आणि वर्डमधले मॅक्रो मात्र वेगळे. ते फाईलच्या आत राहतात आणि ईमेलमधून आलेल्या फाईलसोबत व्हायरसही आणू शकतात. १९९९ मध्ये जगभर पसरलेला ‘मेलिसा’ व्हायरस वर्डच्या मॅक्रोमधूनच आला होता. इथे आपण बोलतोय ते फक्त बटणं दाबून देणाऱ्या मॅक्रोंबद्दल.

कोणतं सॉफ्टवेअर लागतं?

गेमिंग कीबोर्ड असेल तर कंपनीचं सॉफ्टवेअर सहसा मोफत मिळतं. लॉजिटेकचं जी हब, रेझरचं सिनॅप्स, कॉर्सेअरचं आयक्यू. काही कीबोर्डांमध्ये मॅक्रो कीबोर्डच्याच मेमरीत साठवता येतो. मग कीबोर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडला तरी तो चालतो.

साधा कीबोर्ड असेल तर विंडोजवर ‘ऑटोहॉटकी’ हा मोफत आणि ओपन सोर्स पर्याय आहे. क्रिस मॅलेट यांनी तो २००३ मध्ये आणला. मॅकवर ‘कीबोर्ड माएस्ट्रो’ लोकप्रिय आहे, पण ते विकत घ्यावं लागतं.

मॅक्रो कसा बनवायचा?

कीबोर्ड कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पायऱ्या जवळपास सारख्याच असतात. नवीन मॅक्रो उघडा, रेकॉर्ड दाबा, हवी ती बटणं क्रमाने दाबा, रेकॉर्डिंग थांबवा आणि तो मॅक्रो एखाद्या बटणाला जोडा. एकदाच चालवायचा, बटण दाबून ठेवलंय तोवर चालवायचा की पुन्हा दाबेपर्यंत चालू ठेवायचा, हेही निवडता येतं.

ऑटोहॉटकीत रेकॉर्डिंग नसतं, लिहावं लागतं. मात्र मजकुरासाठी एकच ओळ पुरते. आधी दोन कोलन, मग छोटा संकेत, पुन्हा दोन कोलन आणि शेवटी पूर्ण मजकूर. ही ओळ नोटपॅडमध्ये लिहून फाईल ऑटोहॉटकीच्या एक्स्टेन्शनने सेव्ह करायची आणि डबल क्लिक करायचं. त्यानंतर कुठेही तो संकेत टाईप करून स्पेस दाबली, की पूर्ण मजकूर उमटतो.

संकेत इंग्रजी अक्षरांत आणि रोजच्या लिखाणात न येणारा निवडावा. मजकूर मराठीत असेल तर फाईल ‘यूटीएफ-८’ या प्रकारात सेव्ह करावी, नाहीतर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसू शकतात. इंटरनेटवरच्या जुन्या स्क्रिप्ट जशाच्या तशा चालतील असंही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत लिहिण्याचे अनेक नियम बदलले आहेत.

एडिटिंग का महत्त्वाचं?

रेकॉर्ड केलेला मॅक्रो उघडून पाहिला, तर प्रत्येक बटणाच्या दोन नोंदी दिसतात. बटण दाबलं आणि बटण सोडलं. त्यांच्या मध्ये मिलिसेकंदांत वेळ लिहिलेला असतो.

यातली ‘सोडलं’ ही नोंद चुकून डिलीट झाली, तर कंट्रोल किंवा शिफ्ट दाबलेलंच राहतं आणि पुढचं सगळं टायपिंग बिघडतं. असं झालं तर ते बटण हाताने एकदा दाबून सोडायचं. मग मॅक्रो उघडून राहिलेली नोंद भरायची.

वेळेचंही तसंच. रेकॉर्ड करताना तुम्ही तीन सेकंद विचार केला असेल, तर मॅक्रोही दर वेळी तीन सेकंद थांबेल. हे थांबे कमी करावेत, पण सरसकट शून्य करू नयेत. मध्ये एखादी विंडो उघडायची असेल, तर ती उघडायच्या आतच पुढची बटणं दाबली जातात.

मराठी टाईप करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. रेकॉर्ड केलेला मॅक्रो अक्षरं नाही, बटणं लक्षात ठेवतो. इंग्रजी कीबोर्डवर रेकॉर्ड केलेला मॅक्रो मराठी कीबोर्ड चालू असताना वापरला, तर ‘थँक यू’च्या जागी देवनागरीतला अर्थहीन मजकूर उमटतो. म्हणून मॅक्रो वापरण्याआधी टास्कबारवरची भाषा पाहायची सवय लावावी.

शेवटचा ‘एंटर’ काढा

मॅक्रोला डोळे नसतात. समोर कोणाची चॅट उघडी आहे, कर्सर कुठे आहे, हे त्याला कळत नाही. जी विंडो पुढे असेल, तिथे तो बटणं दाबून मोकळा होतो.

त्यामुळे मॅक्रोच्या शेवटी ‘एंटर’ ठेवू नका. मजकूर मॅक्रोने टाकावा, पाठवायचा निर्णय तुम्ही घ्यावा. त्या एका सेकंदात नाव, रक्कम आणि पत्ता बघून होतो. उत्तर दोन ओळींचं असेल तर ओळ बदलायला शिफ्ट आणि एंटर वापरा. बहुतेक चॅटमध्ये नुसत्या एंटरने अर्धाच मेसेज निघून जातो.

मॅक्रो थांबत नसेल तर? ऑटोहॉटकीत घड्याळाजवळच्या हिरव्या ‘एच’ चिन्हावर राईट क्लिक करून एक्झिट करता येतं.

मॅक्रो कुठे वापरू नये?

पासवर्ड, पिन आणि कार्ड नंबर मॅक्रोत कधीही ठेवू नका. ऑटोहॉटकीची फाईल साधा मजकूर असते. लॅपटॉप हाताळणारी कोणतीही व्यक्ती ती वाचू शकते. अनोळखी व्यक्तीने दिलेली स्क्रिप्टही चालवू नका. ती एक प्रोग्रॅमच असते आणि तुम्ही दाबलेली बटणं नोंदवू शकते.

गेममध्ये नियम वाचल्याशिवाय मॅक्रो लावू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने ‘काउंटर-स्ट्राइक २’मध्ये एका बटणावर अनेक हालचाली करून देणाऱ्या ऑटोमेशनवर बंदी आणली. ते वापरताना आढळलेल्या खेळाडूला अधिकृत सर्व्हरवरच्या सामन्यातून बाहेर काढलं जातं.

ऑफिसातही जपून. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना काढल्याचं समोर आलं. कीबोर्डची हालचाल बनावट दाखवून काम चालू असल्याचं भासवल्याचा ठपका त्यांच्यावर होता. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असं सॉफ्टवेअर टाकण्याआधी आयटी विभागाला विचारलेलं बरं.

सुरुवात कुठून करायची?

आठवडाभरात सर्वांत जास्त वेळा टाईप केलेलं एक वाक्य शोधा आणि फक्त त्याचाच मॅक्रो बनवा. रिकाम्या नोटपॅडमध्ये तो पाच-सहा वेळा चालवून पाहा, एकदा मराठी कीबोर्ड चालू ठेवूनही. तिथे चुकला नाही, तरच ग्राहकाच्या चॅटमध्ये वापरा.