दुब्रोवनिक : वेशीवरचा संयम

सकाळी क्रोएशियातील ग्रुझ बंदरात प्रवासी जहाज लागते आणि सायंकाळी ते पुन्हा एड्रियाटिक समुद्राची वाट धरते. मधल्या काही तासांत दुब्रोवनिकचे जुने नगर पाहून घ्यायचे असते. बसने पिले दरवाजापाशी उतरून आत शिरताच, शतकानुशतकांच्या पावलांनी आरशासारखा गुळगुळीत झालेला स्त्रादून हा चुनखडीचा राजमार्ग दिसतो. डावीकडे फ्रान्सिस्कन मठ आहे. तेथील औषधालयाची परंपरा १३१७ पासूनची. उजवीकडे ओनोफ्रिओचे कारंजे आहे. पंधराव्या शतकात दूरच्या झऱ्याचे पाणी नगरात खेळवले गेले, ते येथे आजही पिता येते.

हे नगर पूर्वी रागुसा नावाचे व्यापारी प्रजासत्ताक होते. त्याचा प्रमुख केवळ एक महिना पदावर राही. खासगी व्यवहार विसरून लोकहित पाहा, असा आदेश त्याच्या प्रासादातील दारावर कोरलेला आहे. १४१६ मध्ये या व्यापाऱ्यांच्या नगराने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. नफ्यालाही मर्यादा असते, हे त्याने तेव्हाच ओळखले होते.

सुमारे १९४० मीटर लांबीच्या तटावरून फिरताना लाल कौलांची छपरे दिसतात. त्यांतील फिकट, जुनी कौले थोडी आणि तांबडीलाल, नवी कौले अधिक आहेत. १९९१-९२ च्या वेढ्यातील तोफगोळ्यांनी फुटलेली छपरे नंतर नव्याने शाकारली गेली, त्याची ही खूण.

तटाबाहेर पूर्वेला लाझारेती या दगडी इमारती आहेत. प्लेगच्या भयाने १३७७ मध्ये या नगराने साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा कायदा केला. व्यापार बंद न करता लोकांचे प्राण वाचवण्याचा तो मार्ग होता. पुढे या इमारती त्याच कामासाठी उभ्या राहिल्या.

त्याच वेशीवर अलीकडे गर्दीचे संकट उभे राहिले. एकाच वेळी अनेक जहाजे हजारो प्रवासी उतरवू लागली आणि अरुंद गल्ल्यांतून रहिवाशांनाच वाट मिळेनाशी झाली. म्हणून २०१९ मध्ये नगराने जहाज कंपन्यांच्या संघटनेशी करार करून एका वेळी दोन जहाजे आणि चार हजार प्रवासी अशी मर्यादा ठरवली.

प्रवाशानेही आपली मर्यादा ओळखावी. भल्या सकाळी तट चढावा, गुंदुलिच चौकातील बाजारात सुके अंजीर आणि साखरेत मुरवलेली संत्र्याची साल घ्यावी, घरांच्या उंबऱ्यांशी आवाज हळू ठेवावा. काही तासांचा पाहुणा निघून जातो. नगर मात्र तेथे राहणाऱ्यांचे असते.