पाटाचे पाणी आणि घरोघरचे वायफाय

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एखाद्या सोसायटीत सायंकाळी मोबाईलवर वायफायची यादी उघडून पाहिली, तर दहा-पंधरा नावे सहज दिसतात आणि बहुतेक प्रत्येक नावापुढे कुलपाचे चिन्ह असते. त्याच इमारतीत भाड्याच्या खोलीत राहणारा, पेठ किंवा सुरगाण्याहून शिक्षणासाठी आलेला विद्यार्थी मात्र दिवसाचा ठरलेला डेटा संपल्यामुळे व्याख्यान अर्ध्यावर सोडून बसलेला असतो. एकाच भिंतीच्या एका बाजूस विनावापर पडून राहिलेली क्षमता आणि दुसऱ्या बाजूस टंचाई, असे हे चित्र आहे. ते तांत्रिक कमी आणि आर्थिक अधिक आहे.

घरगुती फायबर जोडणीचे मासिक शुल्क ठराविक असते. घरातील मंडळी कचेरीस व शाळेस गेली म्हणजे ती जोडणी बव्हंशी रिकामी राहते. अशा वेळी आणखी एका व्यक्तीने ती वापरली, तर होणारा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य असतो. रात्री नऊच्या सुमारास, सर्व जण एकाच वेळी चित्रपट पाहू लागले म्हणजे, हीच वस्तू दुर्मीळ होते. म्हणजे ती रस्त्यावरील दिव्याच्या उजेडासारखी निव्वळ सार्वजनिक नाही आणि ताटातील भाकरीसारखी निव्वळ खाजगीही नाही. तिची जातकुळी पाटाच्या पाण्याची आहे. मुबलक असताना कोणाचे अडत नाही. ओढ लागली की पाळी लावावी लागते.

पाळी लावण्याची ही विद्या नाशिक जिल्ह्याला नवीन नाही. बागलाण व कळवण भागात, तसेच शेजारच्या धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, मोसम, आरम व पांझरा या नद्यांवर फड पद्धती शतकानुशतके चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, प्रत्येक फडात ठरवून घेतलेले पीक आणि पाणी वाटण्यास पाटकरी, अशी ती व्यवस्था होती. पाटाची डागडुजी सर्वांनी मिळून करावयाची असे. सामाईक साधनसंपत्तीचा विनाश अटळ आहे, हे मत एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आपल्या १९९० च्या ग्रंथात खोडून काढले व २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बागलाणच्या शेतकऱ्यास हे अनुभवाने आधीच ठाऊक होते.

अलीकडचा दाखला दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पाचा आहे. १९९० च्या सुमारास ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकाराने तेथे कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यांच्या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले आणि २००५ साली राज्याने सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदाही केला. वापरणाराच व्यवस्थापक झाला की शेपटालाही पाणी पोहोचते, हा वाघाडचा धडा होय.

बिनतारी जाळ्यांच्या क्षेत्रात हाच विचार परदेशात रुजला. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात २००४ साली ग्रामीण भागातील रहिवाशांनी 'गीफी' नावाचे स्वतःचे जाळे विणण्यास प्रारंभ केला व त्याची केंद्रे तीस हजारांपलीकडे गेली. त्याच देशातील 'फॉन' या कंपनीने परस्परसाह्याचा मार्ग काढला: घरच्या वायफायचा काही भाग सभासदांसाठी खुला ठेवावा व परगावी गेल्यावर इतर सभासदांचे वायफाय वापरावे. महाराष्ट्रात मुंबईच्या आयआयटीने 'ग्राम मार्ग' प्रकल्पाद्वारे पालघर जिल्ह्यातील खेड्यांत दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींवरून जोडणी नेली, वायफायने तिचे वाटप केले आणि ग्रामपंचायतीस त्यात भागीदार करण्याची कल्पना मांडली.

भीतीचे मूळ

मग शहरातील कुलपे उघडत का नाहीत? याचे पहिले कारण भीती हे आहे आणि ती निराधार नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्यापूर्वी काही मिनिटे धाडलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका रहिवाशाच्या घरच्या जोडणीवरून गेल्याचे निष्पन्न झाले. त्याचे वायफाय बिनकुलपाचे होते; चौकशीचा ससेमिरा मात्र त्याच्या मागे लागला. पुढे २००९ च्या फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना काढल्या. उघडे वायफाय म्हणजे उघडे दार, हे समीकरण तेव्हापासून पक्के झाले.

परंतु येथे दोन गोष्टींची गल्लत होते. अनोळखी माणसास बिनदिक्कत आत येऊ देणे वेगळे आणि ओळख पटवून पाहुण्यास ओसरीवर बसविणे वेगळे. आजच्या साध्या राऊटरवरही घरच्यांसाठी एक व पाहुण्यांसाठी दुसरे, अशी दोन स्वतंत्र जाळी चालविता येतात. अनेक राऊटरांवर पाहुण्यांच्या वेगास मर्यादा घालता येते. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या 'पीएम-वाणी' योजनेत तर ओळखीची जबाबदारी घरमालकावर टाकलेलीच नाही. वापरणाऱ्याची नोंद ॲपद्वारे होते, हिशेब व देखरेख एकत्रीकरण करणारी नोंदणीकृत संस्था पाहते आणि केंद्र चालविणाऱ्यास परवाना लागत नाही, शुल्क लागत नाही, नोंदणीही लागत नाही. चहाची टपरी, अभ्यासिका वा सोसायटीचे कार्यालय यांपैकी कोणीही हे करू शकते.

दराचा प्रश्न

दुसरे कारण दराचे. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक वायफाय केंद्रांचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२५ पर्यंत पीएम-वाणीची केंद्रे काही लाखांपलीकडे गेली नव्हती. घरगुती जोडणी स्वस्त, पण तीच लोकांना वाटायची म्हटली की व्यापारी जोडणीचे कितीतरी पट महाग दर, हा त्यातील मोठा अडसर होता. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी अशा केंद्रांना घरगुती दराच्या दुपटीहून अधिक आकारता येणार नाही, असा आदेश काढला. दुप्पट दर दहा विद्यार्थ्यांत वाटला, तर प्रत्येकाचा भार एका घरगुती जोडणीच्या पाचव्या हिश्शावर येतो. हे गणित कोणत्याही कारकुनास बोटांवर करता येईल.

मोबाईलचा डेटा स्वस्त असताना हा खटाटोप कशासाठी, असा आक्षेप घेतला जाईल. तथापि दिवसाला दीड-दोन जीबीची मर्यादा निरोप वाचण्यास पुरते. तासन् तास व्याख्याने पाहण्यास ती पुरत नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली, तेव्हा ज्यांच्या घरी जोडणी नव्हती ती मुले वर्गाबाहेरच राहिली. ज्या नाशकात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय आहे, तेथे दूरशिक्षणाची वाट शेजारच्या भिंतीशी अडावी, हे शोभणारे नाही.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभेत वाहनतळ व पाण्याची टाकी या विषयांबरोबर हाही विषय यावा. वाचनालयांनी व अभ्यासिकांनी पुढाकार घ्यावा. घरगुती जोडणी बाहेरच्यांस देण्यास करारपत्राने मनाई असल्यास ती चोरून न देता पीएम-वाणीच्या रीतीने द्यावी. घरच्यांचा अग्रहक्क, पाहुण्यांची मर्यादा आणि दुरुस्तीतील प्रत्येकाचा वाटा, एवढे तीन नियम लिहून ठेवले तरी पाटकऱ्याचे काम राऊटर बिनबोभाट करील. बंधारा सरकारने वा कंपनीने बांधला तरी चारी शेतकऱ्यालाच काढावी लागते. नाशिककरांच्या घरांपर्यंत पाट आलेला आहे. शेजारच्या वाफ्यात पाणी सोडण्यापुरते दार उघडणे एवढेच उरले आहे.