पाचशे तासांची उमेदवारी

उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथच्या स्टेशनाबाहेर किंवा बदलापूरच्या बाजारात औषधाचे दुकान शोधावे लागत नाही. आपण चिठ्ठी पुढे करतो. काउंटरपलीकडचा तरुण ती वाचतो, मागे वळतो आणि बाटली आणून ठेवतो. त्याने चिठ्ठी बरोबर वाचली ना, एवढी शंका तरी कधीमधी आपल्याला येते. आम्हांला त्यापुढचा प्रश्न मांडावयाचा आहे. आपण चुकलो असू, तर ते त्या तरुणाला स्वतःला कळते काय?

१९४८ च्या फार्मसी कायद्याने, डॉक्टर स्वतःच्या रोग्यांना देतात ते सोडून, चिठ्ठीवरून औषध देण्याचे काम नोंदलेल्या फार्मासिस्टकडे सोपविले. त्यासाठी पदविकेच्या विद्यार्थ्याला दोन वर्षांच्या अभ्यासानंतर ५०० तासांची उमेदवारी करावी लागते. १९९१ च्या नियमांत त्यांतील निदान २५० तास प्रत्यक्ष औषधे देण्यात जावेत असे होते. २०२० च्या नव्या नियमांनीही ५०० तास कायम ठेवले. तासांची नोंद होते, वहीवर सही होते. पण सहीने तास मोजले जातात, समज मोजली जात नाही.

तापाचे साधे पॅरासिटामॉल घ्या. तान्ह्या मुलांच्या थेंबांच्या बाटलीत सामान्यतः दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते. पातळ औषधाच्या एका नेहमीच्या प्रकारात ५ मिलिलिटरला सुमारे १२५. म्हणजे थेंबांचे औषध चौपट तीव्र. उमेदवाराने थेंबांची बाटली देऊन ‘एक चमचा पाजा’ असे सांगितले, तर बाळाच्या पोटात चौपट मात्रा जाईल. हा फरक ज्याला ठाऊक नाही, पण आपल्याला ठाऊक नाही हे ज्याला ठाऊक आहे, तो थांबून विचारील. भीती आहे ती दुसऱ्याची : त्यालाही ठाऊक नाही, पण ठाऊक आहेसे वाटते.

स्वतःच्या जाणण्याविषयीच्या या जाणिवेला १९७० नंतरच्या दशकात जॉन फ्लॅवेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने शास्त्रीय नाव दिले. पुढे १९९९ मध्ये क्रूगर व डनिंग यांना असे आढळले की, कसोटीत जे सर्वांत मागे पडले त्यांनीच स्वतःविषयी सर्वांत फुगीर अंदाज केला होता. (हे ऐकताच प्रत्येकाला दुसऱ्याच कोणाचे तरी नाव आठवते, ही गंमत आहे.) २००६ मध्ये रोडिगर व कार्पिक यांनी दाखविले की, धडा पुनःपुन्हा वाचणाऱ्यांचा विश्वास अधिक असतो, पण आठवड्याने पाहिले तर पुस्तक मिटून स्वतःला विचारीत बसलेल्यांना अधिक आठवते. वाचून ओळखीचे वाटणे म्हणजे येणे नव्हे.

मग उमेदवाराने करावे काय? अंबरनाथच्या कारखान्यांत यंत्रावर काम केलेले श्रोते येथे असतील. सुटा भाग तपासनिसाकडे जाण्यापूर्वी कारागीर स्वतः माप घेतो. तसेच, औषध वरिष्ठांना दाखविण्यापूर्वी उमेदवाराने वहीत दोन गोष्टी लिहाव्या : आपले उत्तर, आणि त्याची खात्री किती. वरिष्ठांचा निर्णय त्यानंतर. महिन्याने वही चाळली की ‘पूर्ण खात्री’ लिहून कोठे चुकलो ते दिसते, आणि नेमके तेच वाचावयाचे असते. संध्याकाळच्या गर्दीत हे जमणार नाही. दुपारच्या निवांत वेळी पाच चिठ्ठ्यांवर केले तरी पुरे. मात्र या खात्रीला गुण देऊ नयेत, असे आमचे मत आहे. ‘खात्री नाही’ लिहिण्याने गुण जातात हे कळले, की सगळी मुले सगळीकडे ‘खात्री आहे’ असेच लिहितील.

वहीखेरीज आणखी एक परीक्षक असतो, तो म्हणजे गिऱ्हाईक. उल्हासनगरात ते सिंधी बोलेल, हिंदी बोलेल, मराठी बोलेल. आपण सांगितले म्हणजे त्याला समजले, हाही उमेदवाराचा एक अंदाजच. समजा, संधिवाताच्या आजीबाईंना मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची आहे. रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. उमेदवाराने सर्व नीट सांगितले, आजीबाईंनी मान डोलावली. आता त्याने एवढेच म्हणावे, “आजी, गोळी कशी घ्यायची ते मला एकदा सांगा बघू.” आजीबाई म्हणाल्या, “रोज सकाळी एक,” तर त्याने पुडी परत हातात घ्यावी आणि पुन्हा पहिल्यापासून सांगावे.