प्रोग्राम बरोबर, पण सेटिंग चुकली तर?

पुणे-नाशिक रस्त्यावर मोशी आणि चाकण यांच्यामध्ये कुरुळी गाव लागते. या पट्ट्यात मोटार कंपन्यांना सुटे भाग पुरविणारी लहान-मोठी वर्कशॉपे आहेत. तेथे सीएनसी मशीनवर काम करणारे आपले कारागीर बांधव एक गोष्ट चांगली ओळखतात. मशीन नवे असते, प्रोग्रामही तपासलेला असतो, तरी जॉब रिजेक्ट होतो. कारण दोष प्रोग्रामात नसतो, मशीनच्या सेटिंगमध्ये असतो.

याचे एक साधे उदाहरण घेऊ. फानुक पद्धतीच्या बऱ्याच कंट्रोलमध्ये ‘एक्स १०’ असे दशांश चिन्ह न देता लिहिले, तर मशीन त्याचा अर्थ काय घेईल हे एका पॅरामीटरवर ठरते. एका सेटिंगला ते १० मिलिमीटर असते, तर दुसऱ्या सेटिंगला १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. अक्षर तेच आणि आकडाही तोच, पण दोन शेजारच्या मशीनवर मापात हजार पटींचा फरक! एका मशीनवर उत्तम चाललेला प्रोग्राम दुसऱ्यावर नेऊन सरळ बटण दाबले, तर टूल मोडण्याची वेळ येते.

आम्हा कापडवाल्यांना ही गोष्ट नवी नाही. फ्रान्समधील जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ साली जो माग दाखविला, त्यात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून नक्षी उठत असे. एका पुठ्ठ्यात एक भोक चुकले, तर नक्षी जितक्या वेळा फिरेल तितक्या वेळा कापडात तोच दोष येतो. फरक इतकाच, की कापडातला दोष विणकराच्या डोळ्यांना दिसतो. कॉम्प्युटरमधली चुकीची सेटिंग बिलात किंवा जॉबमध्ये उतरते, तेव्हा बहुधा नुकसान होऊन गेलेले असते.

दुकानदारांनी जीएसटीचे उदाहरण लक्षात घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांचे दर बदलले. पूर्वी नगामागे १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. आता २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के आहे. ज्याच्या बिलिंग प्रोग्रामात जुनाच आकडा राहिला, तो १५०० रुपयांच्या कुर्त्यावर गिऱ्हाइकाकडून १०५ रुपये जादा घेणार, आणि कर म्हणून घेतलेली रक्कम सरकारात भरावीच लागते. उलट ३००० रुपयांच्या शेरवानीवर १८० रुपये कमी लागतील आणि ती तूट स्वतःच्या गल्ल्यातून भरून द्यावी लागेल. प्रोग्रामाने हिशोबात चूक केलेली नसते, त्याने दिलेल्या आकड्यावर इमानाने हिशोब केलेला असतो.

जगातील विद्वानांनी या विषयावर बरेच काम केले आहे. युआन्युआन झोउ या प्राध्यापिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली अशा ५४६ प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ७० ते ८५ टक्के चुका पॅरामीटरच्या, म्हणजे भरलेल्या किमतीच्या होत्या. या पॅरामीटरच्या चुकांपैकी ३८ ते ५३ टक्के अशा होत्या, की भरलेली किंमत उघडच नियमाबाहेरची होती. प्रोग्रामाने मनात आणले असते तर त्या तो तेथेच पकडू शकला असता. म्हणूनच याच मंडळींनी २०१३ साली सांगितले की सगळा दोष वापरणाऱ्याच्या माथी मारू नका. चुकीचा आकडा भरताच ‘हे चालणार नाही’ असे स्पष्ट सांगणे हे प्रोग्राम बनविणाऱ्याचे काम आहे. २०१६ साली त्यांनी आणखी एक धोका दाखविला. काही सेटिंग संकटाच्या वेळीच वाचल्या जातात. त्यातली चूक महिनोन्महिने झोपून राहते आणि ऐन आगीच्या वेळी बंब रिकामा निघावा तसे होते.

आपल्या पुण्यातही अशा संशोधनाची जुनी जागा आहे. टाटा कन्सल्टन्सीने १९८१ साली येथे टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाईन सेंटर सुरू केले. नकाशावरून प्रोग्राम आपोआप लिहून देणारी ‘मास्टरक्राफ्ट’सारखी साधने आणि लिहिलेला प्रोग्राम न चालविताच त्यातील दोष शोधणारी साधने तेथील संशोधनातून तयार झाली. आता तर साध्या भाषेत सांगितले की प्रोग्राम लिहून देणारे एआय मोबाईलवरही मिळते. वर्कशॉपमधला होतकरू मुलगा त्याच्याकडून सीएनसीचा प्रोग्राम लिहून घेऊ शकतो. परंतु आपल्या मशीनचा पॅरामीटर कसा लावलेला आहे हे त्या एआयला ठाऊक नसते. ते सांगण्याची आणि तपासण्याची जबाबदारी आपलीच राहते.

तपासणीचे साधनही चुकू शकते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या संरक्षक प्रोग्रामासाठी एक छोटी फाईल पाठविली. प्रोग्राम २१ रकाने मागत होता आणि त्याला २० च मिळत होते. तपासणाऱ्या साधनाने ही फाईल पास केली आणि ती एकदम सर्वत्र गेली. जगभरातील सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. हीच फाईल आधी थोड्या कॉम्प्युटरवर पाठविली असती, तर नुकसान तेवढ्यावरच थांबले असते.

तेव्हा आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी चार गोष्टी नियमाने कराव्यात. पहिली, मशीनचे पॅरामीटर आणि बिलिंगच्या सेटिंग यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक कागदावर ठेवावी. बऱ्याच सीएनसी कंट्रोलमध्ये पॅरामीटर बॅटरीवर टिकतात. बॅटरी संपली की ते पुसले जातात आणि तंत्रज्ञ येईपर्यंत मशीन उभे राहते. म्हणून बॅटरी वेळेवर आणि मशीन बनविणाऱ्याने सांगितलेल्या पद्धतीनेच बदलावी. दुसरी, कोणी, कोणत्या तारखेला, काय बदलले याची वही ठेवावी. आपण रोजमेळ लिहितो तशीच ही नोंद. तिसरी, बदल आधी एकाच मशीनवर किंवा एकाच बिलावर करून पाहावा आणि पहिला जॉब मोजल्याशिवाय पुढचा लावू नये. चौथी, बदल जिथे जिथे करायचा त्या सर्व ठिकाणांची यादी करून एकेकावर खूण करावी. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यापारी कंपनीत १ ऑगस्ट २०१२ रोजी आठपैकी एका सर्व्हरवर नवा प्रोग्राम चढवायचा राहून गेला. अवघ्या ४५ मिनिटांत तिचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले.

आपली उलाढाल एवढी मोठी नाही, म्हणून आपल्याला धोका नाही असे कोणी समजू नये. लहान वर्कशॉपला एक रिजेक्ट झालेला लॉटसुद्धा महिन्याची कमाई घेऊन जातो. वहीला आणि पेन ड्राइव्हला मिळून खर्च काही शे रुपयांचा आहे. तो या आठवड्यातच करावा.