पुन्हा पुन्हा होणारे जंत

वर्गातले एखादे मूल बाकावर सारखी चुळबुळ करते, पेंगते, त्याचे लक्ष लागत नाही. आपण त्याला रागावतो. त्याची रात्रीची झोप एखाद्या जंताने मोडली असेल, हे आपल्या मनातही येत नाही.

हा जंत म्हणजे पिनवर्म. पांढरा, सुतासारखा, मादी जेमतेम एक सेंटिमीटर लांब. गोड खाल्ल्याने जंत होतात अशी आपली जुनी समजूत. पण गुळात वा साखरेत जंत जन्मत नाहीत. त्यांची अंडी तोंडावाटे पोटात जावी लागतात. ती आतड्यात फुटतात, अळ्यांची वाढ होते आणि एक-दोन महिन्यांत मादी अंडी घालण्याजोगी होते. मग रात्री, मूल झोपलेले असताना, ती गुदद्वारातून बाहेर येते आणि भोवतालच्या त्वचेवर सुमारे दहा हजार अंडी घालते. तेथे खाज सुटते. मूल झोपेतच खाजवते, अंडी नखांत जातात आणि नखे तोंडात. चार ते सहा तासांत ही अंडी संसर्गक्षम होतात. कपडे, चादरी, खेळणी यांवर ती दोन-तीन आठवडे टिकू शकतात.

एवढे लक्षात आले की पुढच्या कोड्यांची उत्तरे आपोआप मिळतात.

शौचाच्या तपासणीत हे जंत बहुधा का सापडत नाहीत? कारण अंडी आतड्यात नव्हे, बाहेर त्वचेवर घातली जातात. म्हणून तपासणीही तेथलीच हवी. सकाळी उठल्याबरोबर, शौच व अंघोळीपूर्वी, पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वाराजवळच्या त्वचेवर दाबावी, काचपट्टीवर चिकटवावी आणि प्रयोगशाळेत न्यावी. सूक्ष्मदर्शकाखाली एका बाजूने चपटी अंडी दिसतात. लागोपाठ तीन सकाळी असे केल्यास निदान सहसा चुकत नाही.

औषध घेऊनही जंत परत का होतात? अल्बेंडाझोल किंवा मेबेंडाझोल जंत मारते, पण अंड्यांवर त्याचा भरवसा नाही. उरलेल्या अंड्यांतून वाढलेल्या जंतांसाठी दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते. औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि सहसा घरातल्या सर्वांनी एकाच वेळी घ्यायचे असते. दोन वर्षांखालील मुले व गरोदर स्त्रिया यांच्याबाबत तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच देऊ नये. 2015 पासून शाळांत राष्ट्रीय जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी देतात. तिचा मुख्य रोख मातीतून पसरणाऱ्या जंतांवर आहे. पिनवर्मही तिने मरतात, पण त्या एका गोळीने काम पुरे होत नाही. म्हणून गोळी निरुपयोगी ठरत नाही. दुसरी मात्रा राहिलेली असते, इतकेच.

प्रतिबंधाला खर्च जवळजवळ नाही. नखे बारीक कापावीत. अंघोळ सकाळीच करावी, म्हणजे रात्रीची अंडी धुऊन जातात. आतले कपडे रोज बदलावेत. चादरी झटकू नयेत, अंडी उडतात. त्या गरम पाण्यात धुवाव्यात. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत.

स्वच्छ घरातही हे जंत होतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. म्हणून वर्गात धडा सर्वांना द्यावा, पण शंका एखाद्याच मुलाविषयी असेल तर ती त्याच्या पालकांना बाजूला घेऊनच सांगावी. चारचौघांत नाव निघालेले मूल पुढे खाज लपवू लागते, आणि लपवलेली खाज घरभर पसरते.